पुरापूर्वीची दुरुस्ती : बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची घरच्या घरी पुनर्बांधणी

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील खजुरी हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. तूर आणि ज्वारी पिकविणाऱ्या या कोरडवाहू भागात बोट हा विषय वरवर पाहता परका वाटतो. परंतु याच तालुक्यातून वाहणारी अमरजा नदी पुढे गाणगापूर येथे भीमेला मिळते, आणि भीमेचा पूर या भागाने अनेकदा अनुभवला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर परिसरातील अतिवृष्टी आणि उजनी धरणातून सोडलेले पाणी यांमुळे भीमेला महापूर आला. कलबुर्गी जिल्ह्यातील नदीकाठची गावे वेढली गेली आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व सैन्य यांच्या बोटींची मदत घ्यावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि भीमा यांच्या काठी पुन्हा तेच संकट उभे राहिले.

अशा प्रसंगी रबरी अथवा फायबरच्या बोटीच्या मागील फळीवर जे इंजिन अडकविलेले असते, त्याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. कोकण, गोवा आणि कारवारच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना ते रोजच्या वापरातले आहे. नदीकाठच्या प्रदेशात मात्र ते वर्षातील अकरा महिने कोठारात पडून असते आणि बाराव्या महिन्यात, मध्यरात्री, पावसात, एका हिसक्यासरशी सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी होणे वा न होणे हे वैशाख-ज्येष्ठात त्या इंजिनाकडे किती लक्ष दिले गेले यावर अवलंबून असते.

इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा जुळविणे हे काम साधी हत्यारे, स्वच्छ जागा आणि धीर असलेल्या माणसाला घरच्या पडवीतही करता येते. मात्र त्यात एक नियम सर्वांहून महत्त्वाचा आहे : बिघाडाचे कारण सापडल्याशिवाय नवा भाग बसवू नये. पुढील विवेचन या एका नियमाभोवती केले आहे.

इंजिनाची ओळख

टू-स्ट्रोक इंजिनाचे साधे स्वरूप इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास सिद्ध केले. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले नॉर्वेचे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ पासून बोटीला बाहेरून लावण्याचे इंजिन विक्रीस आणले आणि ते जगभर पसरले. आपल्याकडे १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीने काढलेली लूना आणि त्या काळातील बहुतेक स्कूटर याच जातीच्या इंजिनावर चालत. धुराविषयीच्या कडक नियमांमुळे रस्त्यावरून ही वाहने बहुतांशी गेली. पण पाठीवरचे फवारणी यंत्र, गवत कापण्याचे यंत्र आणि लाकूड कापण्याची साखळी-करवत यांत हे इंजिन अजूनही आढळते. म्हणून खजुरीसारख्या गावात बोट नसली तरी बोटीच्या इंजिनाचा अभ्यास करण्याचे साधन अनेक घरांत असते. फवारणी यंत्राचे इंजिन ज्याला नीट खोलता व जोडता येते, त्याने बोटीच्या इंजिनाचा अर्धा धडा गिरविला असे समजण्यास हरकत नाही.

या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा स्फोट होतो. दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्या खालील क्रँकच्या पेटीत पोकळी निर्माण होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण रीड झडपेवाटे आत येते. दट्ट्या खाली येताना तेच मिश्रण पेटीत दाबले जाते आणि सिलिंडरच्या बाजूच्या मार्गांनी वर चढते. त्याच वेळी जळालेला वायू समोरच्या धूरमार्गाने बाहेर पडतो. क्रँकच्या पेटीत निराळे तेल नसते. पेट्रोलबरोबर येणारे तेल हेच बेअरिंग आणि दट्ट्या यांचे वंगण होय.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, क्रँकची पेटी पूर्णपणे हवाबंद असली पाहिजे. दुसरी, पेट्रोलचा पुरवठा कमी पडला म्हणजे वंगणही कमी पडते. दट्ट्या जळून अडकण्याच्या बहुतेक घटनांच्या मुळाशी या दोहोंपैकी एक गोष्ट, किंवा थंड पाण्याचा अडलेला प्रवाह, असतो.

खोलण्यापूर्वीची तपासणी

इंजिन खोलण्याची घाई करू नये. प्रथम प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग निरोगी इंजिनाचा. काळा व ओला प्लग जास्त तेल किंवा कमकुवत ठिणगी दर्शवितो. पांढरट, भाजलेला प्लग हवा जास्त व पेट्रोल कमी असल्याचे चिन्ह आहे. नंतर दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजावा. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोहोंमधील फरक दहा ते पंधरा टक्क्यांहून अधिक असल्यास कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये झीज किंवा गळती आहे असे मानावे.

पाण्याखालील गिअरपेटीचे तेलही थोडे सोडून पाहावे. ते ताकासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे. पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला नायलॉनचा धागा तेथील सील कापतो आणि पाण्याला वाट करून देतो. पुराच्या पाण्यात दोर, चिंध्या, प्लास्टिक असे बरेच काही वाहत असल्याने ही तपासणी टाळू नये.

जागा, हत्यारे आणि दक्षता

काम उघड्या किंवा हवेशीर जागी करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती जमिनीलगत साचते. जवळ चूल, कंदील किंवा विडी असू नये. धोतराचा सोगा, पदर किंवा सैल बाही फिरत्या भागाजवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी. कामापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात व पंखा काढून ठेवावा. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. ते बंद डब्यात साठवावे.

पान्यांचा संच, फ्लायव्हील काढण्याचा पुलर, फिलर गेज, टॉर्क पाना आणि त्या प्रतिरूपाची निर्मात्याची माहितीपुस्तिका ही सामग्री आवश्यक आहे. मोजमापांच्या मर्यादा प्रत्येक इंजिनाच्या निराळ्या असतात. ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

इंजिन शासकीय साठ्यातील असल्यास ते संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने व नोंदवहीत नोंद करूनच उघडावे.

खोलण्याचा क्रम

प्रत्येक तार, नळी व बोल्ट काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. जाड पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून, भोके पाडून, बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. कारण एकाच झाकणाचे बोल्ट पुष्कळदा कमी-अधिक लांबीचे असतात.

गंजून धरलेला बोल्ट जोर लावून फिरवू नये. अॅल्युमिनियममध्ये तो तुटून राहिला तर काम कित्येक पट वाढते. गंज सोडविणारे तेल लावून रात्रभर ठेवावे, मग जागा किंचित गरम करून बोल्ट थोडा घट्ट व थोडा सैल असा आळीपाळीने फिरवावा. उष्णता देण्यापूर्वी तेथील पेट्रोल व तेल पूर्णपणे पुसून, वाळवून घ्यावे. फ्लायव्हील हातोड्याने ठोकून काढू नये. त्यातील चुंबक निखळतात आणि क्रँक वाकते.

क्रँकच्या पेटीचे दोन भाग विलग करताना सांध्यात स्क्रूड्रायव्हर खुपसू नये. या सांध्यावर बहुधा कागदी गॅस्केट नसते. घासून सपाट केलेल्या दोन पृष्ठांमध्ये केवळ सीलबंद करणारे द्रव्य असते. त्यावर पडलेला एक ओरखडाही हवा आत घेण्यास पुरेसा होतो.

बिघाडाचे वाचन

भाग उघडे झाल्यावर ते लगेच रॉकेलने धुवू नयेत. बिघाडाचा पुरावा त्या काजळीत आणि चिकट थरातच असतो. दट्ट्या हातात घेऊन उजेडात न्याहाळावा.

दट्ट्याच्या चारही बाजूंस ओरखडे असतील तर इंजिन तापले होते. पाण्याचा पंप, अडलेले मार्ग व थर्मोस्टॅट तपासावेत. ओरखडे कोरडे व चकाकते असून तेलाचा अंश दिसत नसेल तर तेलाचे प्रमाण चुकले किंवा पेट्रोलचा पुरवठा अपुरा पडला. माथ्यास खड्डे किंवा भोक पडले असेल तर ज्वलन अवेळी होत होते. प्लगचा प्रकार, ठिणगीची वेळ व मिश्रण ही तिन्ही पाहावीत. बेअरिंगवर तांबडा गंज असल्यास आत पाणी गेले आहे.

क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलेही नीट तपासावीत. वरच्या टोकाचे सील कडक होऊन गळू लागले तर तेथून जादा हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि दट्ट्या तापतो. याची बाहेरून काहीही खूण दिसत नाही. म्हणूनच नवा दट्ट्या घातलेले इंजिन काही तासांतच पुन्हा अडकल्याची उदाहरणे वारंवार आढळतात : दट्ट्या बदलला गेला, पण त्याला जाळणारे सील तसेच राहिले. इंजिन एकदा उघडल्यावर सर्व सीले, गॅस्केट आणि दट्ट्याच्या पिनेचे लॉक नवीनच घालावेत.

तापण्याचा परिणाम शाळेतील गणितानेही समजू शकतो. अॅल्युमिनियम हे ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ६० मिलिमीटर व्यासाचा अॅल्युमिनियमचा दट्ट्या १०० अंश सेल्सियसने तापला तर तो सुमारे ०.१४ मिलिमीटरने फुगतो. पाण्याने थंड राहणारा लोखंडी सिलिंडर ५० अंशांनी तापून अवघा ०.०३ मिलिमीटरने मोठा होतो. दोहोंतील हा फरक सामावून घेण्यापुरतीच मोकळीक निर्मात्याने ठेवलेली असते. पाण्याचा प्रवाह थांबला किंवा तेल कमी पडले की ती मोकळीक संपते. विज्ञानशिक्षकांना प्रसरण, गुणोत्तर आणि सूक्ष्ममापन हे तिन्ही पाठ एका जुन्या फवारणी यंत्राच्या दट्ट्यावर शिकविता येतील.

मोजमाप व यंत्रशाळेचे काम

सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन पातळ्यांवर आणि प्रत्येक पातळीवर काटकोनातील दोन दिशांनी मोजावा. झीज मर्यादेत असल्यास होनिंग करून नव्या रिंगा पुरतात. ती मर्यादेबाहेर असल्यास सिलिंडर यंत्रशाळेत बोअर करून मोठ्या मापाचा दट्ट्या घालावा लागतो. हे काम घरी होण्यासारखे नाही. दट्ट्या आधी आणून त्याच्या प्रत्यक्ष मापानुसार सिलिंडर बोअर करून घ्यावा. बोअरनंतर बाजूच्या मार्गांच्या धारदार कडा हलक्या हाताने बोथट करून घ्याव्यात, नाहीतर त्या नव्या रिंगा तोडतात.

नवी रिंग सिलिंडरमध्ये घालून दट्ट्याने सरळ ढकलावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने मोजावी. टू-स्ट्रोक इंजिनातील रिंगेचे टोक मार्गात अडकू नये म्हणून दट्ट्याच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगेची टोके त्या खुंटीवरच आली पाहिजेत. रीड झडपेच्या पात्या उजेडासमोर धरून पाहाव्यात; त्या बैठकीवर सपाट टेकल्या पाहिजेत. टवका उडालेली पाती तशीच ठेवली तर तिचा तुकडा सिलिंडरमध्ये जातो.

कार्बोरेटर आणि इंधन

पडून राहिलेल्या इंजिनात सर्वाधिक बिघाड कार्बोरेटरचा असतो. पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर बारीक छिद्रे बंद करतो. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. फार दिवस साठविलेल्या अशा पेट्रोलमधून पाणीमिश्रित थर वेगळा होऊन तळाशी बसू शकतो. जुन्या रबरी नळ्या व पडदेही त्याने लवकर खराब होतात. म्हणून नळ्या, पंपाचे पडदे व गाळणी बदलावीत आणि गतवर्षीचे पेट्रोल कधीही वापरू नये. जेटची छिद्रे तारेने कोरू नयेत. साफ करण्याच्या द्रवात भिजवून ती हवेच्या झोताने मोकळी करावीत. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा.

पुष्कळ इंजिनांस पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे प्रत्येक लिटरला २० मिलिलिटर, असे प्रमाण सांगितलेले असते. पुनर्बांधणीनंतरच्या आरंभीच्या वापरात हे प्रमाण बहुधा दुप्पट, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, ठेवतात. जुन्या प्रतिरूपांस याहून अधिक तेल लागते. पुस्तिकेतील प्रमाण अंतिम मानावे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू ३ या प्रतीचे तेल असते. स्कूटरचे किंवा फवारणी यंत्राचे तेल त्याच्या जागी वापरू नये. प्रमाण डोळ्यांनी न ठरविता मापाच्या भांड्याने ठरवावे.

जुळणी

प्रत्येक भाग स्वच्छ करून, तेल लावून बसवावा. कोरडा भाग बसविला तर पहिल्या काही फेऱ्यांतच तो घासला जातो. दट्ट्याच्या माथ्यावरील बाणाची दिशा पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. सीलबंद करणारे द्रव्य पातळ थरात लावावे. जादा द्रव्य आत शिरून वंगणाचे मार्ग बंद करू शकते. सिलिंडर-माथ्याचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत.

पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर पुनर्बांधणीत अवश्य बदलावा. त्याच्या पाकळ्या एकाच बाजूस वळून राहिल्या असतील तर तो निकामी समजावा. बसविताना साबणाचे पाणी लावून, फिरण्याच्या दिशेनेच फिरवीत तो घरात सरकवावा. पुराच्या गढूळ पाण्यातील रेती हा पंप लवकर झिजविते. म्हणून दर पुरानंतर स्वच्छ पाणी खेळवून पंपाची तपासणी करावी. गिअरपेटीत तेल खालच्या छिद्रातून वर भरावे आणि वरच्या छिद्रातून ते वाहू लागेपर्यंत थांबू नये. अन्यथा आत हवा राहते.

पिंपातील चाचणी

नदी दूर असलेल्या गावी पाण्याने भरलेले मोठे पिंप हीच चाचणीची जागा. इंजिन भक्कम चौकटीवर अडकवावे, पंखा काढलेला असावा आणि पाणी पंपाच्या बरेच वर असावे. पाण्याविना इंजिन काही सेकंदही चालवू नये. तेवढ्यातही इम्पेलर जळू शकतो. चाचणी उघड्यावरच घ्यावी, कारण बंद जागेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो.

इंजिन सुरू होताच बाजूने पाण्याची बारीक धार पडते की नाही ते पाहावे. मिनिटभरात धार न आल्यास इंजिन बंद करून कारण शोधावे. पहिली दहा मिनिटे मंद गतीने चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, गळती पाहावी आणि दाब पुन्हा मोजावा. यानंतरचे पहिले सुमारे दहा तास पाण्यावर गती कमी-अधिक करीत काढावेत. पूर्ण जोराने सतत चालवू नये.

पुढील जपणूक

पुनर्बांधणी झाली म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. बचावकार्यासाठी ठेवलेले इंजिन पावसाळ्यापूर्वी आणि त्यानंतर दरमहा एकदा पिंपात चालवावे. बंद करताना इंधनाची नळी सोडून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपू द्यावे. लांब विश्रांतीपूर्वी प्लगच्या जागेतून थोडे तेल टाकून क्रँक हाताने फिरवावी. तारीख, चालविलेला वेळ, पाण्याची धार, दाब आणि तेलाचे प्रमाण यांची नोंद एका वहीत ठेवावी. पुढच्या दुरुस्तीत तीच वही सर्वांत उपयोगी ठरते.

बोट उलटून इंजिन बुडाले तर ते वर काढल्यावर उन्हात वाळत ठेवू नये. हवा लागताच बेअरिंगवर गंज चढू लागतो. लगेच गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून, क्रँक हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढावे, तेल सोडावे आणि शक्य तर त्याच दिवशी ते चालवून कोरडे करावे. क्रँक अडत असेल तर मात्र जोर लावू नये. आत शिरलेली वाळू सिलिंडर खरवडते. असे इंजिन खोलूनच साफ केले पाहिजे.

एक मर्यादाही लक्षात ठेवणे आवश्यक आहे. उत्तम इंजिनाने बोटीची क्षमता वाढत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटकेसाठी निघालेली, क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. बोटीवर लिहिलेली संख्या, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि चालकाच्या मनगटाला बांधलेली इंजिन बंद करणारी दोरी यांना पर्याय नाही.

पूर सांगून येत नाही, पण पावसाळा सांगून येतो. मे महिन्याच्या दुपारी पडवीत बसून मोजलेली एक फट, बदललेले एक सील आणि पिंपात पाहिलेली पाण्याची धार यांची किंमत त्या वेळी फारशी जाणवत नाही. ऑगस्टच्या किंवा ऑक्टोबरच्या एखाद्या रात्री, छपरावर बसलेल्या कुटुंबाच्या दिशेने बोट निघते तेव्हा ती कळते.